मुलाचा पंप, बंबातल्या पिशव्या आणि नवऱ्याचा खोकला

पत्राचा सारांश: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. गेल्या पावसाळ्यात त्याला रात्रीचा खोकला आणि छातीत सूं-सूं सुरू झाली. डॉक्टरांनी बालदमा असल्याचं सांगितलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप व तो ओढायला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिली. दोन-तीन महिन्यांत मूल सुधारलं. मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहण्यात आला. प्लास्टिकमधल्या रसायनांनी दमा होतो, असं त्यात सांगितलं होतं. पंपही प्लास्टिकचा आणि स्पेसरही, म्हणून ताईंनी दोन्ही बंद केलं. शिवाय नणंद म्हणाल्या होत्याच की पंपाची सवय लागते. आता मुलाची धाप परत आली आहे. ‘तो तान्हा असताना मी त्याला प्लास्टिकच्या बाटलीतून गरम दूध पाजलं, त्याचंच हे फळ का? घरातले सगळे डबे टाकून देऊ का? पंप पुन्हा सुरू करू की नको?’ असे त्यांचे प्रश्न आहेत. जाता जाता पत्रात आणखीही काही आलं आहे. सासूबाई पहाटे न्हाणीजवळचा बंब दुधाच्या पिशव्यांनी पेटवतात. ओल येणाऱ्या शहाबादी फरशीवर दोन वर्षांपूर्वी प्लास्टिकचं कार्पेट अंथरलं आहे. मिस्टर हायवेवरच्या गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारतात. ‘त्यांनाही वर्षभर रात्री खोकला येतो, पण यात्रेला आठ दिवस सुट्टी घेतली की बरं वाटतं.’

प्रिय ताई,

बाकी सगळं नंतर. आधी मुलाला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि पंप बंद केला होता हे स्पष्ट सांगा. ते रागावतील अशी भीती वाटत असेल, पण मूल बरं दिसायला लागलं की पंप सोडून देणारे आईवडील त्यांना नेहमीच भेटतात. लपवलं तर मात्र औषध चालू असूनही त्रास वाढला असं समजून ते डोस वाढवतील, आणि ते चुकीचं होईल.

दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. मूल हसत-खेळत असतं, खोकला नसतो, तेव्हाही थोडी सूज आत असतेच. थंड हवा, सर्दी, धूर असं काही निमित्त झालं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, कफ दाटतो आणि सूं-सूं सुरू होते. रोजचा पंप ही आतली सूज कमी ठेवतो. दम लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा, तो फक्त आवळलेले स्नायू सैल करतो. तुम्ही बंद केलात तो रोजचा. म्हणून पहिल्या काही दिवसांत काहीच बिघडलं नाही, आणि ‘बघा, पंपाशिवायही बरा आहे’ असं वाटलं असेल. सूज हळूहळू परत आली.

सवयीबद्दल म्हणाल तर, रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनळीत जातं, त्यामुळे गोळीच्या मानाने फारच कमी औषध अंगभर पोहोचतं. त्याची चटक लागत नाही. त्याचा काहीच परिणाम नाही असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत लहानपणी काही वर्षं असा पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची २०१२ मध्ये तपासली, तेव्हा ती सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. एका पारड्यात हा सव्वा सेंटीमीटर आणि दुसऱ्यात रात्ररात्र धापणारं मूल, असं मांडलं तर मला निवड अवघड वाटत नाही. डॉक्टरही लागेल तेवढाच कमीत कमी डोस ठेवतात, आणि त्रास बराच काळ आटोक्यात राहिला की तो आणखी उतरवतात.

राहिला पंपाच्या प्लास्टिकचा प्रश्न. पंपाचं कवच कडक प्लास्टिकचं असतं, आणि ज्या मऊपणा आणणाऱ्या रसायनांबद्दल मी पुढे लिहिणार आहे ती कडक प्लास्टिकला सहसा लागत नाहीत. औषध त्यातून क्षणभर जातं. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा आणि फडक्याने न पुसता तसाच वाळू द्या. पुसल्याने आत स्थिर वीज तयार होते, औषधाचे कण भिंतीला चिकटतात आणि मुलापर्यंत कमी पोहोचतात. पंप घेतल्यावर चूळ भरायला लावा.

आणि हे घरात सगळ्यांना, सासूबाईंनाही सांगून ठेवा: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, धापेमुळे पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

आता तो व्हिडिओ. त्यात सांगितलेलं सगळं खोटं नाही, म्हणूनच तो तुम्हाला पटला. पण ‘प्लास्टिक’ म्हणून एकच एक वस्तू नसते, आणि एखादं रसायन श्वासनळीपर्यंत पोहोचायचं तर ते हवेत यावं लागतं किंवा पोटातून रक्तात जावं लागतं. कोणतं प्लास्टिक, कुठल्या वाटेने, किती, हे विचारल्याशिवाय घरातला कोणता डबा टाकायचा हे ठरवताच येणार नाही.

सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो थॅलेट नावाच्या रसायनांचा. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. त्यातून रेक्झीन, मऊ पाइप, फरशीवरचं कार्पेट बनवायचं तर त्यात तेलासारखं थॅलेट मिसळतात, कधीकधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या बांधलेलं नसतं. वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं आणि घरातल्या धुळीत जाऊन बसतं. जमिनीवर खेळणारी, हात तोंडात घालणारी मुलं ती धूळ श्वासातून आणि पोटातून घेतात.

स्वीडनच्या वार्मलांड भागात सुमारे ४०० मुलांच्या घरांचा अभ्यास झाला, त्यातली साधारण निम्मी दमा-अ‍ॅलर्जीची होती आणि निम्मी निरोगी. २००४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं की ज्यांच्या झोपायच्या खोलीतल्या धुळीत डीईएचपी हे थॅलेट जास्त होतं, त्यांच्यात दमा जास्त होता. दुसऱ्या एका थॅलेटचा संबंध सर्दी आणि त्वचेच्या अ‍ॅलर्जीशी दिसला. त्याआधी १९९९ मध्ये ऑस्लोतल्या बाळांच्या अभ्यासात, घरात पीव्हीसीची जमीन असेल तर पहिल्या दोन वर्षांत छाती भरण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने ३०० गरोदर बायकांच्या लघवीत थॅलेट मोजली आणि त्यांच्या मुलांवर पाच ते अकरा वर्षं वयापर्यंत लक्ष ठेवलं. २०१४ च्या त्यांच्या अहवालात, दोन विशिष्ट थॅलेटचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या आयांच्या मुलांत दम्याचा धोका ७२ आणि ७८ टक्क्यांनी जास्त निघाला.

पण हेही पाहा. स्वीडनमध्ये दम्याशी जे डीईएचपी जोडलं गेलं, त्याचा संबंध न्यूयॉर्कच्या अभ्यासात दिसला नाही. थॅलेट शरीरातून एक-दोन दिवसांत निघून जातात, त्यामुळे एका दिवसाच्या लघवीवरून वर्षभराचा अंदाज बांधणं कठीण असतं. जुन्या, ओलसर, कोंदट घरात पीव्हीसीही असतं आणि बुरशीही, मग नेमका दोष कोणाचा? उंदरांवरच्या प्रयोगांत काही थॅलेटमुळे दुसऱ्याच एखाद्या अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया तीव्र झालेली दिसली आहे. म्हणजे ती एकटी दमा देतीलच असं नाही, पण धुळीतल्या किड्याला किंवा परागकणांना बिथरणारं शरीर त्यांच्यामुळे आणखी बिथरू शकतं. एवढ्यावरून सावध राहावं हे मला पूर्ण पटतं. एका आईने स्वतःला दोषी धरावं, हे अजिबात पटत नाही.

दुधाच्या बाटलीचं ओझं तर तुम्ही आजच मनावरून उतरवा. बाटल्यांच्या बाबतीत जे रसायन बदनाम झालं ते बिस्फेनॉल-ए. ते पॉलिकार्बोनेट या काचेसारख्या पारदर्शक, कडक प्लास्टिकमध्ये असतं. बाळांच्या बाटल्यांसाठीच्या भारतीय मानकाने २०१५ मध्येच पॉलिकार्बोनेट बाद केलं, म्हणजे तुमचा मुलगा जन्मण्याच्या काही वर्षं आधी. आणि दमा एका कारणाने होत नाही. घरात कुणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असणं, बाळपणातली छातीची दुखणी, धूर, ओल, धूळ असं कितीतरी त्यात एकत्र येतं. बाटलीत दूध गरम होतं की कोमट, यावर तुमच्या मुलाचा दमा ठरलेला नाही.

डब्यांचं फार मनावर घेऊ नका. गरम आणि तेलकट पदार्थ प्लास्टिकमधून रसायनं जास्त खेचतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. शाळेचा डबा स्टीलचा, लोणचं बरणीत, गरम आमटी पिशवीत बांधून आणायची नाही. डाळी, पोहे, रवा ज्या डब्यांत आहेत ते राहू द्या. महिन्याच्या हिशेबातून नवे डबे घेण्याइतकं हे कारण मोठं नाही. ते पैसे पंपाला लागतील.

कार्पेटचं मात्र मी मनावर घेईन. मीटरवर कापून मिळणारी ही कार्पेट बहुधा पीव्हीसीचीच असतात. कोरड्या जमिनीवर एक वेळ चालून जाईल. पण तुमच्याकडे फरशीला ओल येते. ओलसर सिमेंटमधला अल्कधर्मी अंश डीईएचपीचं विघटन करतो आणि त्यातून टू-इथाइल हेक्झानॉल नावाचा वायुरूप पदार्थ खोलीत पसरतो. स्वीडनमध्ये वृद्धांच्या चार रुग्णालयांत हे मोजलं गेलं. जिथे जमिनीत ओल होती आणि हवेत हा पदार्थ होता, तिथल्या कर्मचाऱ्यांत दम्याची लक्षणं जास्त होती. तुमच्या खोलीत तेवढं प्रमाण असेल की नाही ते मोजायची सोय नाही, पण कार्पेटचा कोपरा उचलून पाहायला काहीच लागत नाही. खाली काळे डाग, कुबट वास असला तर ती बुरशी आहे, आणि दम्याच्या मुलाला बुरशी बाधते हे तर जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. मुलाला शेजारी पाठवा, तोंडाला मास्क लावून कार्पेट गुंडाळा, फरशी धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा. नंतर उघडी फरशीच बरी. रोज कोरडा झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. धुळीतली थॅलेट आणि धुळीतले किडे, दोन्ही त्याने कमी होतात.

डासांसाठी कॉइल लावत असाल तर तीही बंद करा. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे ती बहुतेक घरांत असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत, झोपलेल्या मुलाच्या उशाशी. मच्छरदाणी वापरा.

आता बंब. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सर्वांत पहिला संशय इथे येतो. दुधाची पिशवी पॉलिथिनची. ती अर्धवट जळते तेव्हा काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखे डोळ्यांत-नाकात झोंबणारे वायू निघतात. पिशव्यांसोबत कधी तुटकी चप्पल, वायरचा तुकडा, रेक्झीन जात असेल तर पीव्हीसीमधून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात. फोमच्या तुकड्यांतून तर आयसोसायनेटही निघतात, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते. डब्यातून आमटीत अंशाअंशाने काही उतरण्यापेक्षा हा कितीतरी थेट मारा आहे, आणि तो पहाटे होतो, जेव्हा हवा जड असते, धूर वर चढत नाही आणि दम्याच्या मुलाची श्वासनळी आधीच आवळलेली असते.

सासूबाईंना हे कसं सांगायचं, हा तुमचा खरा पेच असेल. त्यांच्या बाजूने पाहा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून घरादाराला आंघोळीचं पाणी तापवणं हे त्यांचं काम, आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटत नाहीत तेव्हा पिशवीने जाळ चटकन धरतो, हा त्यांचा अनुभव. ‘तुमच्या धुराने पोराला दमा झाला’ असं म्हटलंत तर भांडण होईल आणि पिशव्या जळतच राहतील. शिवाय ते खरंही नाही. मुलाला दमा आहे, धुराने तो उसळतो, एवढंच म्हणता येईल. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाच सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. त्यांचीही विचारपूस होऊ द्या. रोज बंबावर वाकणाऱ्या बाईला स्वतःलाही खोकला, डोळ्यांची जळजळ असू शकते, आणि ते तिला कुणी कधी विचारलेलं नसतं. पेटवणासाठी नारळाच्या शेंड्या, करवंट्या, वाळलेल्या तुराट्या पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा. पिशव्या धुऊन, वाळवून साठवल्या तर भंगारवाला किलोवर घेतो, ते पैसे सासूबाईंच्याच हातात द्या. लाकडाचा धूरही निर्धोक नाही, तेव्हा बंब पेटताना मूल आत आणि त्या बाजूचं दार-खिडकी बंद असू द्या. पुढेमागे गॅस गिझर घेतलात तर तो न्हाणीघराच्या आत बसवू नका, कोंडलेल्या गॅसने माणसं दगावली आहेत.

आळीत कुणी कचरा पेटवत असेल तर त्यालाही अडवता येतं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि त्यासाठी ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवून दिला. नगरपंचायतीला अर्ज देताना या आदेशाचा उल्लेख करा.

ताई, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं वाक्य तुमच्या मुलाबद्दलचं नाही, तुमच्या मिस्टरांबद्दलचं आहे. वर्षभर रात्री खोकला, आणि यात्रेच्या सुट्टीत आराम. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. घरातला कमावता माणूस खोकला तर आपण त्याला ‘धुळीने होत असेल’ म्हणून सोडून देतो. पण तुम्ही ज्याला घाबरलात, म्हणजे प्लास्टिकच्या रसायनाने होणारा दमा, त्याचा सर्वांत पक्का, कुणीही वाद न घालणारा पुरावा गाड्या रंगवणाऱ्यांच्या श्वासात सापडतो.

गाडीला शेवटी जो चकचकीत थर मारतात, तो दोन डब्यांतून येतो. एकात क्लिअर, दुसऱ्यात हार्डनर. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. दोन्ही मिसळले की त्यांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि पत्र्यावर पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक तयार होतं. म्हणजे तुमचे मिस्टर रोज प्लास्टिक घडवतात. तयार होऊन सुकलेल्या थराचा त्रास नाही. पण स्प्रे गनमधून उडतं ते अजून न जुळलेलं आयसोसायनेट, आणि ते ओलसर श्वासनळीतल्या प्रथिनांशी जोडलं जातं. काही माणसांचं शरीर मग त्याला शत्रू म्हणून ओळखू लागतं. हे व्हायला कधी काही महिने लागतात, कधी कित्येक वर्षं. एकदा झालं, की नंतर अगदी थोडा वाससुद्धा दमा उठवायला पुरतो. आणि त्रास बरेचदा कामावर होत नाही, काही तासांनी, घरी आल्यावर, रात्री होतो. त्यामुळे खोकल्याची सांगड कामाशी कुणी घालतच नाही. सुट्टीत बरं वाटणं ही यातली सर्वांत महत्त्वाची खूण, आणि ती तुम्ही बरोबर टिपली आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००३ मध्ये मांडलं होतं की मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यापैकी साधारण १५ टक्के दमा कामाच्या जागेमुळे असतो.

तरीही उद्याच काम सोडायला सांगू नका. घर त्यांच्या पगारावर चालतं हे एक, आणि दुसरं म्हणजे काम सुटल्यावर निदान अवघड होतं. आधी तपासणी. छातीच्या डॉक्टरांना ‘गॅरेजात काम करतात’ एवढंच सांगू नका, ‘हार्डनर घातलेला रंग स्प्रे करतात’ असं सांगा. हार्डनरच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलवर न्या. डॉक्टर फुंकणीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करतील. सोबत पीक फ्लो मीटर मागा. काही शे रुपयांत मिळणारी प्लास्टिकची नळीच असते ती. दिवसातून चार वेळा जोरात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, साधारण चार आठवडे, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. कामाच्या दिवसांत आकडा खाली आणि सुट्टीत वर जात असेल, तर ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगाची ठरते. मात्र त्या काळात धाप वाढली तर आकडे पुरे करण्यासाठी कामावर राहायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

तोवर गॅरेजमध्ये काय करता येईल? तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क आयसोसायनेटला अडवत नाही. ‘वास येत नाही म्हणजे हवा साफ आहे’ हा समजही धोक्याचा, कारण आयसोसायनेटचा वास येतो तोवर त्याचं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. खरं संरक्षण म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क आणि हवा खेचून घेणारा स्प्रे बूथ. रंग कसा बसला ते पाहायला पेंटर मास्कची काच वर करतो, नेमकं तेव्हाच न दिसणारं धुकं श्वासात जातं. पाण्यात मिसळणारे रंग आले आहेत, पण त्यांवरही शेवटचा थर बहुतेक ठिकाणी हार्डनरचाच असतो, तेव्हा मालकाने ‘आम्ही पाण्याचा रंग वापरतो’ म्हटलं तरी क्लिअरचं विचारून घ्या. युरोपात ऑगस्ट २०२३ पासून प्रशिक्षण घेतल्याशिवाय अशी रसायनं व्यवसायात वापरायला मनाई आहे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही आयसोसायनेटची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होती. लहान गॅरेजपर्यंत हे काहीच पोहोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण मालकाशी बोलताना मिस्टरांनी एकट्याने बोलू नये. तिथे आणखी पेंटर असतील, त्यांच्यातही कुणाला तरी सुट्टीत बरं वाटत असेल. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल तर ईएसआयच्या डॉक्टरांकडे नोंद करून घ्या, पुढे भरपाईचा प्रश्न आला तर ती नोंद लागेल.

कामामुळेच दमा आहे असं ठरलं, तर स्प्रेपासून दूर होणं हाच उपाय उरतो, आणि ते जितक्या लवकर तितकी फुप्फुसं सावरण्याची शक्यता जास्त. पंप घेत त्याच शेडमध्ये काम करत राहिलेल्यांचा दमा हळूहळू कायमचा होऊन बसतो. डेंटिंग किंवा फिटिंगचं काम त्याच शेडमध्ये असेल तर उपयोग नाही, कारण धुकं सगळीकडे पसरतं. मेकॅनिकचं, वायरिंगचं, गाड्यांचे सुटे भाग विकण्याचं काम, असा विचार आत्तापासून सुरू करा. निदान होईपर्यंतचे महिने त्यासाठीच वापरता येतील. हा निर्णय त्यांचा आहे. तुम्ही मुलाच्या काळजीपोटी तो लादलात असं त्यांना वाटू देऊ नका, कारण तपासणी आधी त्यांच्या स्वतःच्या श्वासासाठी आहे.

मुलाचाही यात थोडा संबंध आहे. कामाचे कपडे गॅरेजमध्येच बदलून यावेत, घरी आल्यावर हातपाय धुऊन मगच मुलाला उचलून घ्यावं, आणि ते कपडे वेगळे धुवावेत. थिनरची बाटली घरात ठेवू नये. थिनरचा वास दम्याच्या मुलाला खोकला आणायला पुरेसा असतो.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते. फोमच्या गाद्या बनवणारे, इमारतींना पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, वॉटरप्रूफिंग मारणारे, इपॉक्सी फ्लोअरिंग करणारे, दुकानात गरम तारेने प्लास्टिकची फिल्म कापून पॅकिंग करणारे, तुम्हीही या यादीत आहात. गरम तारेने पीव्हीसी फिल्म कापणाऱ्या मांसविक्रीच्या दुकानांतल्या कामगारांना धाप लागत असल्याची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७३ मध्येच केली होती. रात्रीचा खोकला सुट्टीत थांबतो का, एवढं एकदा स्वतःला विचारून पाहा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर छातीच्या डॉक्टरांना कामाचं नाव आणि वापरातल्या रसायनाचं नाव दोन्ही सांगा.

ताई, शक्य असेल तर मुलाची आणि मिस्टरांची तपासणी एकाच दिवशी ठेवा, म्हणजे त्यांची एकच रजा पडेल. जाताना मुलाचे दोन्ही पंप आणि स्पेसर, पंप कधी बंद केला त्याची तारीख, हार्डनरच्या लेबलचा फोटो आणि जुने रिपोर्ट न्या. तिथेच मुलाकडून डॉक्टरांसमोर पंप ओढून घ्या आणि पद्धत बरोबर आहे का ते विचारा. कितीतरी मुलांचं निम्मं औषध चुकीच्या पद्धतीमुळे तोंडातच राहतं.